सोलापूर : मुक्कामाचा बेत

दोन-तीन दिवसांची सुटी जोडून आली आणि घरात प्रवासाची गोष्ट निघाली, की पुण्या-मुंबईच्या मराठी कुटुंबाची दृष्टी सहसा पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्याकडे वळते. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही नावे इतक्या सहजपणे ओठांवर येतात, की दुसरा विचार करण्याची तसदी कोणी घेत नाही. पूर्वेकडे जाणारे लोक नाहीत असे मुळीच नाही. उलट ते लक्षावधींनी जातात. परंतु जातात ते पंढरपूरला, तुळजापूरला, अक्कलकोटला आणि भीमेकाठच्या गाणगापूरला, आणि या चारही क्षेत्रांच्या मध्यभागी जे विस्तीर्ण, कष्टाळू, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत व्यवहार करणारे शहर वसलेले आहे, त्या सोलापुराचा उपयोग ते गाडी बदलण्यापुरता आणि फार तर एक रात्र पाठ टेकण्यापुरता करतात. पहाटे निघून तीन क्षेत्रांचे दर्शन आटोपून मध्यरात्री घरी परतण्याचा जो शिरस्ता अलीकडे पडला आहे, त्यात देवाच्या वाट्याला रांग येते आणि मुलखाच्या वाट्याला काहीच येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की सोलापूर हाच मुक्काम धरावा, तेथून उत्तरेस बालाघाटाच्या कडेपर्यंत आणि दक्षिणेस भीमेपर्यंत हिंडावे, आणि या प्रवासाला पूर्ण तीन दिवस द्यावेत.

बेत आखण्यापूर्वी या प्रदेशाची ठेवण ध्यानी घेणे अगत्याचे आहे, कारण तिच्यावरच प्रवासाचा ऋतू, क्रम आणि आनंद ही तिन्ही अवलंबून आहेत. सह्याद्रीपासून हरिश्चंद्रगडाच्या बाजूने जी डोंगररांग आग्नेयेकडे निघते, ती नगर, बीड, धाराशिव असे जिल्हे ओलांडीत उतरत जाते. तिलाच बालाघाट म्हणतात. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांना अलग करणारा हा जलविभाजक आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, या रांगेच्या दक्षिणेच्या सपाटीवर आहे, आणि तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले तुळजापूर साधारण साडेसहाशे मीटरवर, रांगेच्या अगदी कडेवर वसले आहे. सह्याद्रीचे रौद्र कडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा चढ प्रथमदर्शनी क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. कारण येथे शिखर असे नाहीच, घाट चढून गेल्यावर पुन्हा सपाटीच लागते. परंतु तुळजापूरच्या कडेवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता, डोंगराची पाठ संपून भीमेच्या खोऱ्याचा जो अफाट, निरभ्र, क्षितिजापर्यंत पसरलेला काळा मुलूख एकदम दृष्टीत येतो, त्याचे गांभीर्य सह्याद्रीच्या कोणत्याही टोकावरून दिसणाऱ्या कोकणापेक्षा वेगळ्या जातीचे आहे, आणि ते पाहण्यासाठी स्वतंत्रपणे यावे इतके ते निश्चित मोलाचे आहे.

हा सर्व टापू पर्जन्यच्छायेचा आहे. नैर्ऋत्येचे मोसमी वारे आपला बहुतेक भार सह्याद्रीवर रिता करून येथे पोहोचतात, त्यामुळे वर्षाकाठी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. आणि त्यातलाही मोठा हिस्सा आषाढ-श्रावणात न पडता भाद्रपद-आश्विनात, परतीच्या पावसाच्या रूपाने पडतो. काळी जमीन ते पाणी धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरली जाते, आणि पुढे पाऊस नसतानाही ती पोटऱ्यांतून बाहेर पडते. जमिनीने जे केले तेच येथल्या माणसांनी आठशे-नऊशे वर्षे दगड-मातीच्या साहाय्याने केले. संताने तलाव खोदला, सुलतानाने नदी अडविली, इंग्रज सरकारने दुष्काळाच्या धास्तीने धरण बांधले, आणि देवीच्या दारातही तीर्थाचे पाणी दगडी कुंडात धरले गेले. सोलापूरच्या परिसरात पाहण्यासारखे जे जे आहे, त्यातील बहुतेक सर्व या अडविलेल्या पाण्याच्या काठी उभे आहे; आणि हे एक सूत्र मनाशी धरून फिरले, तर एरवी विस्कळीत वाटणारी स्थळे एकमेकांशी बोलू लागतात.

यावरून ऋतूची निवड आपोआप ठरते. मार्च उतरू लागला की येथे ऊन चढते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जातो. त्या काळात मुलाबाळांना घेऊन किल्ले पाहण्याचा हट्ट कोणी धरू नये. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वस्वी अनुकूल आहे, परंतु त्यातही दोन भाग आहेत. ज्यांना वाहते पाणी आणि हिरवा बालाघाट पाहायचा आहे, त्यांनी परतीच्या पावसानंतर लगेच यावे. मात्र शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची कोजागरी पौर्णिमा हे दिवस टाळावेत, कारण त्या दिवसांत तुळजापूर हे दर्शनार्थी जनतेचेच असते, आणि कोजागरीला तर सोलापुरातून हजारो भाविक रात्रभर पायी चालत डोंगर चढून जातात. तो पायी जाण्याचा सोहळा अनुभवण्यासाठी येणे ही गोष्ट निराळी. ज्याची तशी श्रद्धा आणि पायांत तसे बळ असेल, त्याने अवश्य यावे. दुसरा भाग जानेवारीचा. तेव्हा हवा कोरडी आणि सुखद असते, शेतात हुरडा तयार असतो, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, जिला सोलापूरकर गड्ड्याची यात्रा म्हणतात. यात्रेच्या दिवसांत यावयाचे असेल तर मात्र निवासाची तजवीज पुष्कळ आधी केली पाहिजे.

येण्याच्या सोयीविषयी फारसे लिहावे असे काही नाही, कारण दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे मोठे स्थानक आहे. १८६० साली आगगाडी सोलापुरात आली, ती खंडाळ्याच्या घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा होण्याच्याही आधी. आज मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस आहे, आणि २०२३ सालापासून वंदे भारतही धावते. पुण्याहून मोटारीने यायचे तर अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि रस्ता सपाट व रुंद आहे. माझी शिफारस आगगाडीची आहे. गाडीने रात्री उतरून स्थानकाच्या किंवा पार्क मैदानाच्या आसपास मुक्काम करावा, आणि डोंगराकडे जायच्या एका दिवसापुरते भाड्याचे वाहन ठरवावे. उरलेले शहर रिक्षाने आणि पायी सहज होते.

पहिला दिवस शहराला द्यावा, आणि त्याची सुरुवात सिद्धेश्वर तलावापासून, उन्हे कोवळी असतानाच करावी. बाराव्या शतकात होऊन गेलेले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे महात्मा बसवेश्वरांचे समकालीन; त्यांची वचने कानडी भाषेत आहेत, आणि वीरशैव परंपरेत बसवेश्वर, अल्लमप्रभू, चन्नबसवेश्वर यांच्या मालिकेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आध्यात्मिक अधिकाराच्या पुरुषाने लोकांना एकत्र करून तळे खोदावे, आणि ते खोदणे हीच ईश्वरसेवा मानावी, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण पूजनीय वाटत आली आहे. तलावाच्या मध्यभागी मंदिर आहे आणि सेतूवरून तेथे जाता येते. नगराच्या परिघात सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगांची स्थापना केली अशी परंपरा आहे, आणि यात्रेच्या प्रारंभी उंच काठ्यांचे सात नंदीध्वज खांद्याकमरेवर तोलीत भक्तगण त्या लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी नगरप्रदक्षिणा करतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धेश्वरांशी विवाह करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह लागला, ही त्यामागची कथा होय. पुढे होमाचा विधी आणि शोभेच्या दारूचा कार्यक्रम होतो. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले हजारो लोक एकाच वेळी अक्षता उधळतात, तेव्हा या बहुभाषी, बहुजातीय शहराला एकत्र बांधणारी शक्ती कोणती हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. एका अंगाला तळ्याचे पाणी आणि अन्य अंगांना खंदक, आत दुहेरी तटबंदी, अशी त्याची रचना बहामनी काळापासून सिद्ध होत आली. बहामनी राज्याची शकले झाल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात या किल्ल्यासाठी पिढ्यान्पिढ्या कलह चालला. राजकन्येच्या विवाहात सोलापूर आंदण द्यावयाचे असा करार व्हावा, तो पाळला जाऊ नये आणि पुन्हा युद्ध जुंपावे, असे घडत राहिले. पुढे चांदबिबीच्या विवाहातही सोलापूरचे आंदण हाच विषय होता. सपाटीवरचा हा किल्ला इतका मोलाचा का, हा प्रश्न पडला तर तटावर चढून चोहोकडे पाहावे. दूरवर दुसरा कोणताही आडोसा नाही, आणि दख्खनच्या दोन मोठ्या राजधान्यांमधली वाट याच्या माऱ्यात आहे. १८१८ सालच्या मे महिन्यात जनरल मन्रोने पेशव्यांच्या शिबंदीकडून तो घेतला आणि येथे इंग्रजी अंमल सुरू झाला. किल्ल्याच्या पोटात जुन्या देवालयाचे अवशेष आहेत, त्यांच्या खांबांवरची कोरीव कामे शांतपणे पाहण्यासारखी आहेत. बहुतेक लोक बागेतच रेंगाळतात आणि तिकडे फिरकत नाहीत.

दुपारनंतर इंद्रभुवन पाहावे. वारद घराण्याने उभारलेला हा प्रासाद आज महानगरपालिकेची वास्तू म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या दर्शनी भागावरचे शिल्पकाम गिरण्यांच्या भरभराटीच्या काळातील धनिकांच्या अभिरुचीची साक्ष देते. परंतु सोलापूरच्या नगरपालिकेचा खरा अभिमान दगडी प्रासादापेक्षा मोठा आहे. ६ एप्रिल १९३० रोजी या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविला. पुढे मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहरात असा प्रक्षोभ उसळला, की काही दिवस सरकारची सत्ता नाममात्र उरली, आणि सरकारने मार्शल लॉ पुकारून सोलापूर लष्कराच्या हवाली केले. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभे राहून ही चार नावे क्रमाने वाचावीत. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशी ती नावे आहेत, आणि त्यांच्याच स्मरणार्थ पुण्याच्या गाडीला हुतात्मा हे नाव मिळाले आहे. जवळच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत तेथेच राहिला, आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निवर्तला. चीनमधून येणारी शिष्टमंडळे आजही या स्मारकापर्यंत येतात. मग पुण्यातून येणाऱ्या मुलांनी ते न पाहता परतावे, हे योग्य नाही.

दुसरा दिवस बालाघाटाचा, आणि माझ्या मते सर्व प्रवासाचा मेरुमणी. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत सोलापूर असा हा त्रिकोण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. सूर्योदयापूर्वी निघाले तर सायंकाळी निवांतपणे परत येता येते. तुळजापूरच्या रस्त्याला लागताच थोड्याच वेळात हिप्परग्याचा, म्हणजे एकरुखचा तलाव लागतो. आदिला नदीवर मातीचा प्रचंड बांध घालून इंग्रज सरकारने तो १८७१ साली पुरा केला. मुंबई इलाख्यातील आरंभीच्या मोठ्या पाटबंधाऱ्यांपैकी तो एक होय. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६-७७ साली, या जिल्ह्यावर असा दुष्काळ कोसळला, की धरणांचे महत्त्व पटविण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज उरली नाही. बांधावर क्षणभर थांबावे. हिवाळ्यात पाण्यावर स्थलांतरित पक्षी असतात, आणि उत्तरेला बालाघाटाची निळसर, सरळ रेषा प्रथम येथूनच स्पष्ट दिसते.

या रस्त्याविषयी आणखी एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते. १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजांचे होते, आणि तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाचे. अक्कलकोट तर स्वतंत्र संस्थान होते. भवानीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरचा भाविक आपल्याच कुलदेवतेकडे जाताना सरहद्द ओलांडीत असे, आणि त्या सरहद्दीवर निजाम सरकारच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके असत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात याच सरहद्दीला लागून अलीकडे कार्यकर्त्यांचे कँप पडले होते आणि सोलापूर हे त्यांचे मोठे आश्रयस्थान बनले होते. आज मोटार अर्ध्या-पाऊण तासात जेथे घाट चढू लागते, तेथपर्यंत पोहोचण्यासाठी एका पिढीने केवढे मोल दिले, हे मनात असावे.

तुळजाभवानीचे मंदिर डोंगराच्या उतारात, कडेच्या जरा खाली आहे. त्यामुळे येथे देवीकडे चढून जावे लागत नाही, पायऱ्या उतरून जावे लागते. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतात. डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी दगडी बांधणीत कसे घेतले आहे ते तेथे पाहावे. बेसॉल्टच्या थरांमधून असे झरे निघतात आणि बालाघाटाच्या कडेवरची जुनी देवस्थाने बहुधा अशाच पाण्याच्या जागी वसली आहेत. मंदिराची मूळ बांधणी हेमाडपंती. देवीची मूर्ती महिषासुरमर्दिनीची, आणि ती स्थिर नसून चल आहे, हे तिचे वैशिष्ट्य. वर्षातून ठरावीक काळी देवी पलंगावर निद्रा घेते, तेव्हा मूर्ती सिंहासनावरून हलविली जाते. अशी चाल फार थोड्या देवस्थानांत आढळते. दर्शनाचा दिवस निवडताना मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा वर्ज्य कराव्यात; साध्या बुधवारी किंवा गुरुवारी पहाटे पोहोचल्यास देवीसमोर दोन क्षण स्वस्थपणे उभे राहता येते. दर्शन झाल्यावर लगेच गाडीत न बसता घाटशीळेकडे जावे. तेथून दिसणाऱ्या दक्षिणेच्या विस्ताराचे वर्णन वर केलेच आहे.

तुळजापूरहून नळदुर्गपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर हे पठारावरचे, ज्वारी-तुरीच्या शेतांतले आहेत. नळदुर्ग दुरून फारसा प्रभाव पाडीत नाही, कारण तो डोंगरावर नाही. बोरी नदीने पठारात जो वळसा घेतला आहे, त्या वळशाच्या काठावर त्याची तटबंदी पसरली आहे. जुना कोट आदिलशाहीत दगडात बांधला गेला, आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन या स्थापत्यविशारदाने बोरी नदीवर बांध घालून नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हे दोन कोट जोडून टाकले. बांधाची उंची सुमारे ९० फूट आहे. केवळ बांध म्हणूनही तो प्रशंसनीय ठरला असता. परंतु त्या स्थपतीने बांधाच्या जाडीतच, पाण्याच्या पातळीखाली, जिने उतरून जावे लागेल असा महाल बांधला, आणि त्याची खिडकी प्रवाहाच्या बाजूला उघडी ठेवली. नदी भरली म्हणजे बांधावरच्या दोन मार्गांनी पाणी खाली झेपावते. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. त्या वेळी पाणीमहालाच्या सज्जात उभे राहिलेल्या माणसाच्या डोक्यावरून नदी जाते, समोर पाण्याचा पडदा कोसळतो, कानांत दुसरा शब्द शिरत नाही, आणि तरीही आतली जमीन कोरडी असते. चारशे वर्षांपूर्वी, कोणत्याही यंत्राविना, पाण्याचा दाब आणि दगडाचे वजन यांचा असा काटेकोर हिशेब करणाऱ्या माणसाचे नाव मराठी शाळांतील मुलांना पाठ असावयास हवे, असे मला मनापासून वाटते. रसिकता आणि गणित यांचा इतका पूर्ण मिलाफ दख्खनच्या वास्तूंमध्ये माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

धबधबे पाहायचे असतील तर पाऊस चांगला झालेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत यावे, आणि निघण्यापूर्वी नळदुर्गला पाणी सुटले आहे काय, याची चौकशी सोलापुरातच करून घ्यावी. सोलापूरकर ही वार्ता नेमकी सांगतात. पाणी नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. कोरड्या दिवसांत बांधाची चिरेबंदी, महालातील नक्षी आणि फारसी शिलालेख अधिक स्पष्टपणे पाहता येतात, आणि उपळी बुरुजावर चढण्यास वेळ मिळतो. हा टेहळणीचा उंच बुरूज किल्ल्याच्या मध्यावर आहे. त्याच्या माथ्यावर तोफा आहेत आणि तेथून बोरीचा सर्व वळसा एका दृष्टिक्षेपात येतो.

याच किल्ल्यात मेडोज टेलर राहिला होता. ठगांवरच्या कादंबरीने प्रसिद्ध झालेला हा इंग्रज ग्रंथकार, १८५३ साली निजामाने नळदुर्गचा जिल्हा कंपनी सरकारकडे लावून दिला, तेव्हा त्याचा कारभारी म्हणून आला. सत्तावन सालच्या धामधुमीच्या आधीची वर्षे त्याने येथे रस्ते, तलाव आणि महसुलाची पाहणी यांत घालविली. त्याची ‘तारा’ ही १८६३ सालची कादंबरी तुळजापुरातच सुरू होते आणि तिची नायिका तेथल्याच ब्राह्मणाची कन्या आहे. एखाद्या परदेशीयाने या डोंगरकडेवर एवढे प्रेम करावे, आणि आपण मात्र तेथून घाईघाईने निघून जावे, ही विसंगती मनाला बोचल्याशिवाय राहत नाही. पुढे १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापुराहून हैदराबादच्या रोखाने निघाल्या, तेव्हा पहिली चकमक याच नळदुर्गजवळ झाली, आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती लागल्यामुळे पुढची वाट मोकळी झाली. परतीच्या वाटेवर आपण त्याच मार्गाने, पण उलट दिशेने, पठारावरून उतरत सोलापूरला येतो.

तिसऱ्या दिवसाची निवड ज्याने त्याने करावी. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे; १८७८ साली समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांच्या दर्शनाबरोबर तेथल्या राजवाड्यातील शस्त्रागार न विसरता पाहावे, कारण इतका विविध शस्त्रसंग्रह फार थोड्या संस्थानांनी जपला आहे. पण ज्याने यापूर्वी अक्कलकोट केले असेल, त्याने दक्षिणेस भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते, आणि सोलापूरच्या परिसरातील शिलालेखांसाठी आयुष्य वेचणाऱ्या आनंद कुंभार यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे तो लोकांसमोर आला. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात एकाच शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. मूळ लिंग धरून ती ३६० होतात. दोन्ही नद्यांचे पात्र, नि:शब्द घाट आणि हजार वर्षांपूर्वी दगडावर उमटलेली आपली भाषा, एवढ्यासाठी अर्धा दिवस खर्चणे मुळीच जड जाऊ नये. पंढरपूर मात्र या बेतात घालू नये. ते ७० किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि विठ्ठलाकडे परतीच्या वाटेवर उरलेल्या तासाभरात जाणे प्रशस्त नाही.

जेवणाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथील अन्न त्या जमिनीचेच अपत्य आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, ती वाळवून केलेली आणि प्रवासात दिवसेंदिवस टिकणारी कडक भाकरी, उखळात कुटलेली तेलकट, लालभडक शेंगा चटणी, गुळाच्या सारणाची शेंगापोळी, आणि हिवाळ्यात शेतावर आगटीत भाजलेला हुरडा, एवढे मिळाले की दुसरे काही मागू नये. शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरी नेण्यास उत्तम. कुरडूवाडी किंवा दौंडपर्यंतच ती गाडीत संपू नये एवढा बंदोबस्त मुलांपासून ठेवावा.

परतीची रात्रीची गाडी धरली, तर शेवटची सायंकाळ मोकळी राहते. ती शहराच्या पूर्व भागासाठी राखून ठेवावी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसविला. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांचे भोंगे थांबले, तरी मागांचा आवाज थांबला नाही. यंत्रमागावरची चादर आणि टॉवेल यांनी या घरांना तारले, आणि ज्या स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात त्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. गल्लीतून चालताना दारांवरची तेलुगू अक्षरे, मार्कंडेयाचे मंदिर आणि घराघरातून येणारा मागाचा ठेका यांमुळे क्षणभर आपण महाराष्ट्रात आहोत याचा विसर पडतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे, परंतु त्या नावाने बाहेरचा मालही पुष्कळ विकला जातो. म्हणून चादर घेताना ती उलटून पाहावी. अस्सल चादरीची नक्षी छापलेली नसते. ती जॅकार्डच्या साहाय्याने धाग्यातच विणलेली असते, त्यामुळे तीच नक्षी मागच्या अंगाला रंगांची अदलाबदल होऊन दिसते. वजन हातात घेऊन पाहावे, कडेची वीण तपासावी, आणि शक्य असेल तर स्टेशनाजवळच्या झगमगीत दुकानाऐवजी याच भागातल्या विणकराच्या विक्रीकेंद्रातून, त्याच्याशी भावाची घासाघीस न करता, ती विकत घ्यावी.